कल्हई ते सारवण: युरियाच्या कारखान्याला गंजापासून कोण वाचवतं?

येडशीला सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला माझ्या मामाचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानाच्या मागे खताचं गोदाम आहे आणि त्या गोदामात एक जुना लोखंडी वजनकाटा आहे. लहानपणी सुट्टीत गेले की मी त्या काट्याच्या पायावरचे गंजाचे पापुद्रे नखाने सोलत बसायचे. आबा म्हणायचे, "खत लोखंड खातंय बघ पोरी. पुढच्या पावसाळ्यापतूर ह्यो पाय ऱ्हात न्हाई." आणि खरंच, एका पावसाळ्यात तो पाय मोडला.

तो काटा खरं तर एकट्या युरियाने खाल्ला नव्हता. युरिया गोणीत असताना तसा गरीब असतो. लोखंडाला जास्त छळतात ती अमोनियम नायट्रेट आणि पोटॅश असलेली खतं. शिवाय ही खतं हवेतलं पाणी ओढून घेतात. ३० अंश सेल्सिअसला हवेची आर्द्रता साधारण ७२ ते ७५ टक्क्यांच्या वर गेली की युरिया पाणी ओढू लागतो. अमोनियम नायट्रेट ५९ टक्क्यांनाच ओढू लागतं. आणि दोन्ही एकत्र सांडले तर? तर हा आकडा सुमारे १८ टक्क्यांवर येतो. म्हणजे भर उन्हाळ्यातसुद्धा त्या मिश्रणाला पाणी सुटतं. म्हणून मामा युरिया आणि सुफला यांच्या थप्प्या वेगवेगळ्या भिंतींना लावतो. त्याने हे आकडे कधी वाचलेले नाहीत, पण नियम त्याला पक्का माहीत आहे.

आज मात्र गोणीतल्या युरियाबद्दल लिहायचं नाही. गोणीत इतका शांत असलेला हा पदार्थ कारखान्यात तयार होताना ज्या अवस्थेतून जातो, ती अवस्था धातूंसाठी फार भयानक असते. त्या अवस्थेला कारखाने कसे पुरून उरले, हा या लेखाचा विषय आहे. हा विषय मला नीट कळला तो माझी फजिती झाल्यावर, म्हणून आधी ती सांगते.

माझी फजिती

पीएच.डी.चा सिनॉप्सिस समितीसमोर मांडत होते. विषय होता खत कारखान्यांतल्या यंत्रांचं क्षरण. तिसऱ्याच स्लाइडवर मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं: लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, म्हणून यंत्रणेतून ऑक्सिजन काढून टाकणं हा मूलभूत उपाय. दहावीच्या पुस्तकात खिळ्यांचा प्रयोग असतो ना, उकळलेल्या पाण्यात तेलाखाली ठेवलेला खिळा गंजत नाही, तोच माझ्या डोक्यात होता.

समितीत बाहेरचे एक सदस्य होते. सगळी नोकरी खत कारखान्याच्या देखभाल विभागात काढून निवृत्त झालेले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मग युरिया प्लांटमध्ये आम्ही कार्बन डायऑक्साइडमध्ये मुद्दाम हवा का सोडतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला. नोंदणी सहा महिने पुढे गेली, आणि त्याबरोबर फेलोशिपसुद्धा. त्या सहा महिन्यांत मी एकच काम केलं: या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधलं. पुढे लिहिलंय ते त्याचं सार आहे.

पहिला टप्पा: शिशाची कल्हई

खत कारखान्यांचा गंजाशी झगडा युरियाच्या बराच आधी सुरू झाला. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉस यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं. फॉस्फेटवर सल्फ्युरिक आम्ल ओतायचं, म्हणजे न विरघळणारा फॉस्फरस पिकाला मिळेल अशा रूपात येतो. कृती सोपी. पण सल्फ्युरिक आम्ल करायचं आणि ठेवायचं कशात?

त्याचं उत्तर शंभर वर्षं आधी मिळालेलं होतं. १७४६ मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रोबक यांनी काचेच्या भांड्यांऐवजी शिशाच्या पत्र्याच्या खोल्या वापरल्या. सौम्य आम्ल शिशावर पडलं की शिशाचं सल्फेट तयार होतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, धातूला चिकटून बसतं आणि खालच्या शिशाला झाकतं. म्हणजे पहिला घाव बसतो आणि त्याच घावाची खपली पुढचे घाव अडवते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे सुपरफॉस्फेटची सुरुवात १९०६ मध्ये तमिळ प्रदेशातल्या राणीपेटला झाली. महाराष्ट्रात १९१९ मध्ये धरमसी मोरारजी केमिकल कंपनी स्थापन झाली आणि अंबरनाथला सल्फ्युरिक आम्ल आणि सुपरफॉस्फेट तयार होऊ लागलं. ज्या काळात आपल्या गावाकडे शेणखताशिवाय दुसरं खत बहुतेकांना माहीत नव्हतं, त्या काळात अंबरनाथला हे चाललं होतं.

शिशाचं अस्तर म्हणजे आपल्या ओळखीची कल्हई. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं, म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा. आम्ल धातू खातं, म्हणून आतून शिशाचा थर द्यायचा. तत्त्व एकच: जो धातू टिकतो तो आत लावा, जो भार पेलतो तो बाहेर ठेवा.

पण कल्हईला मर्यादा असतात. शिसं मऊ आहे, ३२७ अंशांना वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी स्वतःच्याच वजनाने लोंबायला लागतं. शिवाय आम्ल जितकं तीव्र आणि गरम होत जातं तितकं शिसं मागे पडतं. तिथे गंमत अशी, की थंड तीव्र सल्फ्युरिक आम्लाला साधं पोलाद चालतं. ९८ टक्क्यांचं आम्ल आजही पोलादी टाक्यांत साठवतात. लोखंडाच्या सल्फेटचा थर पृष्ठभागावर बसतो आणि तो रक्षण करतो. फक्त दोन अटी आहेत. एक, आम्ल नळीतून सावकाश वाहिलं पाहिजे, नाहीतर थर धुऊन जातो. दोन, आम्लात पाणी मिसळता कामा नये. हे आम्ल हवेतली वाफ पिऊन घेतं आणि पावसाळ्यात टाकीच्या वरच्या भागात सौम्य होऊन तिथलाच पत्रा खायला लागतं. म्हणून टाकीत शिरणारी हवा सुद्धा कोरडी करून घ्यावी लागते.

म्हणजे "पोलाद आम्लात टिकतं का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही. किती तीव्र, किती गरम, किती वेगाने वाहणारं, हे विचारल्याशिवाय तो प्रश्न पूर्ण होत नाही.

दुसरा टप्पा: बॉशने पाडलेली भोकं

पुढची गोष्ट अमोनियाची. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करण्याची हाबर यांची कृती प्रयोगशाळेत जमली. ती कारखान्यात आणण्याचं काम जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत कार्ल बॉश यांच्याकडे आलं. त्यांनी पोलादाच्या जाड नळ्यांत प्रक्रिया सुरू केली आणि सुमारे ८० तासांनी नळ्या फुटल्या.

कारण गंज नव्हतं. तापलेला, दाबाखालचा हायड्रोजन पोलादात शिरत होता आणि पोलादाला बळकटी देणाऱ्या कार्बनशी संयोग करून मिथेन वायू तयार करत होता. पोलाद आतून ठिसूळ होत होतं. कार्बन नसलेलं मऊ लोखंड वापरलं तर हायड्रोजन त्याला काही करत नाही, पण ते लोखंड एवढा दाब पेलत नाही.

बॉश यांनी १९११ मध्ये काढलेला तोडगा मला फार आवडतो. आत मऊ लोखंडाचं अस्तर लावायचं, ते हायड्रोजनला सामोरं जाईल. बाहेर पोलादाचं कवच ठेवायचं, ते दाब पेलेल. अस्तरातून थोडा हायड्रोजन झिरपणारच, म्हणून बाहेरच्या कवचाला बारीक भोकं पाडायची. झिरपलेला वायू तिथून निघून जाईल, साचणार नाही. १९१३ मध्ये ओपाऊचा अमोनिया कारखाना सुरू झाला.

आजच्या युरिया रिअॅक्टरच्या जाड कवचालाही अशी भोकं असतात, पण त्यांचं काम बदललंय. आतलं अस्तर कुठे फाटलं तर द्रव सगळ्यात आधी या भोकातून बाहेर दिसतो किंवा अमोनियाचा वास येतो. ते धोक्याची सूचना देणारं भोक आहे. ते भोक युरियाच्या घट्ट खड्याने बुजलं, किंवा कुणी "गळतंय म्हणून" बुजवून टाकलं, तर द्रव अस्तर आणि कवच यांच्यामध्ये कोंडतो. बाहेरचं पोलाद या द्रवापुढे टिकत नाही, झपाट्याने झिजतं. आत शेकडो टनांचा दाब, बाहेर काम करणारी माणसं. अशा वेळी ते कवच फुटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तिसरा टप्पा: माहीत असूनही न जमणारा युरिया

युरिया कसा करायचा हे रसायनशास्त्राला फार आधीपासून माहीत होतं. व्होलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार केला, हे बारावीला आपण सगळेच शिकलो. पण आज कारखान्यात वापरतात ती कृती दुसरी आहे. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून अमोनियम कार्बामेट होतं आणि ते तापवलं की पाणी सुटून युरिया होतो. अलेक्झांडर बझारोव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास हे बंद नळीत करून दाखवलं.

कारखान्यात या मार्गाने युरिया आला १९२२ मध्ये, ओपाऊलाच. मध्ये गेली पन्नास वर्षं. का?

इथे एक सावधगिरी. इतिहास लिहिताना एका कारणाला सगळं श्रेय देण्याचा मोह होतो. खरं तर १९१३ पर्यंत स्वस्त अमोनियाच नव्हता आणि उच्च दाबाची यंत्रंही नव्हती. पण अमोनिया आला, दाबाचं तंत्र आलं, तरी युरियाचे कारखाने पुढची तीस वर्षं अडखळतच होते, आणि त्याचं मोठं कारण कार्बामेट होतं. १८० अंशांच्या पुढचं तापमान आणि वातावरणाच्या १४० ते २०० पट दाब, या परिस्थितीत द्रवरूप कार्बामेट साध्या पोलादाला फस्त करतं.

म्हणून पुन्हा कल्हई. सुरुवातीच्या युरिया रिअॅक्टरना आतून शिशाचं अस्तर दिलं गेलं, काही ठिकाणी चक्क चांदीचं. खत करण्यासाठी चांदीचं भांडं! शेतकऱ्याला परवडेल असं खत चांदीच्या भांड्यात होणार नाही, हे उघड होतं.

स्टेनलेस स्टील १९१२-१३ च्या सुमारास जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये तयार झालं होतं. ते वापरून पाहिलं गेलं, आणि त्याचं वागणं लहरी निघालं. एकदा टिकायचं, एकदा वितळल्यासारखं झिजायचं. तेच स्टील, तेच तापमान, तोच द्रव. मग फरक कशाचा?

चौथा टप्पा: हवा सोडा

याचं बीज आणखी शंभर वर्षं मागे होतं. १८३६ मध्ये शोनबाइन आणि फॅरडे यांचा एका विचित्र गोष्टीवर पत्रव्यवहार झाला. लोखंड सौम्य नायट्रिक आम्लात फसफसून विरघळतं, पण तीव्र आम्लात बुडवलं की गप्प बसतं. नंतर सौम्य आम्लात घातलं तरी काही काळ गप्पच राहतं. या गप्प अवस्थेला शोनबाइन यांनी निष्क्रियता म्हटलं. फॅरडे यांना वाटलं, लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसत असावा. त्यांचा अंदाज बरोबर होता.

स्टेनलेस स्टील टिकतं ते याच कारणाने. त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ, पण घट्ट थर करतो. साध्या लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड उघडं पडतं. क्रोमियमचा थर चिकटून राहतो. गंज आणि संरक्षण, दोन्ही ऑक्साइडच. फरक फक्त तो चिकटतो की सुटतो याचा.

आता कार्बामेटकडे या. गरम कार्बामेट हा थर सतत थोडा थोडा विरघळवत असतं. द्रवात थोडा ऑक्सिजन असेल तर थर लगेच पुन्हा बनतो. ऑक्सिजन संपला की दुरुस्ती थांबते, थर जातो आणि उघडं स्टील विरघळायला लागतं. थर शाबूत असताना स्टीलची झीज वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. थर गेला की तीच झीज वर्षाला कित्येक मिलिमीटरवर जाते. पूर्वीच्या कारखान्यांत वायूबरोबर चुकून थोडी हवा आली की स्टील टिकत होतं, नाही आली की जात होतं. लहर स्टीलची नव्हती.

१९५३ मध्ये नेदरलँड्समधल्या स्टॅमिकार्बन कंपनीने कार्बन डायऑक्साइडमध्ये मुद्दाम, सतत आणि मोजून ऑक्सिजन सोडायची पद्धत आणली. प्रमाण अगदी कमी, एका टक्क्याच्या आत. तेवढ्यावर चांदी आणि शिसं मागे पडलं आणि स्टेनलेस स्टीलचे मोठे युरिया कारखाने शक्य झाले. समितीतल्या त्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

मला हे समजलं ते माझ्या आजीच्या सारवणावरून. शेणाने सारवलेली जमीन टिकते ती शेण मजबूत असतं म्हणून नाही. पायांनी सारवण रोज झिजतं आणि आजी दर आठवड्याला ते पुन्हा करते, म्हणून टिकते. कल्हई एकदा लावली की बरेच दिवस पाहावं लागत नाही. सारवण थांबवलं की जमीन उखडते. १९५३ नंतर युरियाच्या कारखान्याने कल्हई सोडली आणि सारवण सुरू केलं. संरक्षण ही विकत आणून बसवायची वस्तू राहिली नाही, रोज करायचं काम झालं.

त्याच सुमारास, १९५४ मध्ये, एडेलेआनु यांनी दाखवलं की हेच काम विजेनेही होतं. सल्फ्युरिक आम्लातल्या स्टीलला बाहेरून योग्य विद्युतदाब दिला की ते निष्क्रिय राहतं. ऑक्सिजन रसायनाने जे करतो तेच इथे वीज करते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या की निष्क्रियता चटकन डोक्यात बसते.

ट्रॉम्बे आणि थळ

हे सगळं महाराष्ट्रात आलं ते ट्रॉम्बेला. फर्टिलायझर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या ट्रॉम्बेच्या कारखान्याचं उत्पादन १९६५ मध्ये सुरू झालं. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने होते, कच्चा माल तिथून मिळत होता. इथे अमोनिया, युरिया, नायट्रिक आम्ल आणि नायट्रोफॉस्फेट एकाच आवारात होऊ लागले. त्या नायट्रोफॉस्फेटलाच आपण 'सुफला' म्हणून ओळखतो. १९७८ मध्ये महामंडळाची पुनर्रचना झाली आणि राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स म्हणजे आरसीएफ स्थापन झाली. १९८५ मध्ये अलिबागजवळ थळला मुंबई हायच्या नैसर्गिक वायूवर चालणारा मोठा कारखाना उभा राहिला. मामाच्या गोदामातली 'उज्ज्वला' युरियाची गोणी इथूनच येते.

क्षरणाच्या विद्यार्थ्याने अशा कारखान्याकडे एक यंत्र म्हणून पाहू नये. तिथे एकाच कुंपणाच्या आत गंजाचे चार वेगवेगळे कायदे चालतात. नायट्रिक आम्लाच्या विभागात स्टेनलेस स्टील मजेत असतं, कारण ते आम्ल स्वतःच थर बनवून देतं. फॉस्फेट खडक आम्लात विरघळवतात तिथे खडकातलं फ्लोराइड आणि क्लोराइड त्याच थराला छिद्रं पाडतं. बॉयलरच्या पाण्यातून ऑक्सिजन शेवटच्या कणापर्यंत काढून टाकतात, म्हणजे माझी ती तिसरी स्लाइड बॉयलरपुरती बरोबर होती! आणि थोड्याच अंतरावर युरिया विभागात तोच ऑक्सिजन मोजून आत सोडतात. त्यात ट्रॉम्बे आणि थळ दोन्ही समुद्राकाठी. बाहेरून खारा वारा, आणि गरम नळ्यांवरच्या आवरणाखाली मीठ साचलं तर स्टेनलेस स्टीलला बाहेरूनही तडे जाऊ शकतात.

थळचे युरिया प्रकल्प इटलीच्या स्नामप्रोगेट्टीच्या पद्धतीचे. या पद्धतीत स्ट्रिपर नावाचं उंच, उभं यंत्र सगळ्यात जास्त सोसतं. न बदललेलं कार्बामेट तिथे तापवून फोडतात. या पद्धतीच्या स्ट्रिपरच्या नळ्या पूर्वी टायटॅनियमच्या असायच्या. टायटॅनियमला क्षरणाचं फारसं भय नाही, पण वेगाने वाहणाऱ्या द्रवाने नळ्यांचं एक टोक घासून पातळ होतं. त्यावर तोडगा असा, की स्ट्रिपर दोन्ही बाजूंनी सारखा बनवायचा आणि अर्धं आयुष्य झालं की तो काढून उलटा बसवायचा. आपण सतरंजी फिरवून घालतो तसं. पुढे आतून झिर्कोनियम आणि बाहेरून स्टेनलेस स्टील अशा दुहेरी नळ्या आल्या. म्हणजे सारवणाच्या जमान्यातही जिथे झीज फार, तिथे कल्हई परत आली.

सारवण कोण करतं?

आता खऱ्या मुद्द्यावर येते. ऑक्सिजनने थर टिकतो, हे पुस्तकातलं वाक्य झालं. कारखान्यात ते रोज टिकवतं कोण?

युरिया प्रकल्प सुरू करण्याआधी वाफ आणि हवा सोडून स्टीलवर थर बसवून घेतात. चालू असताना ऑक्सिजनच्या प्रवाहावर कुणाची तरी नजर असते. प्रयोगशाळेत तयार युरियातलं निकेल तपासतात, दशलक्षात किती भाग ते. निकेल येतं कुठून? रिअॅक्टरच्या स्टीलमधून. आकडा वर चढायला लागला की समजायचं, आत कुठेतरी स्टील विरघळतंय. रिअॅक्टर उघडून पाहता येत नाही, म्हणून त्याची तब्येत त्याच्या युरियावरून ओळखायची.

सगळ्यात नाजूक वेळ असते ती प्रकल्प अचानक बंद पडल्यावर. झडपा बंद, द्रव आत, तापमान तसंच, आणि नवीन ऑक्सिजन येत नाही. आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो. म्हणून असा भरलेला प्रकल्प किती तास ठेवायचा याची मर्यादा ठरवलेली असते. ती उलटण्याआधी सुरू करा, नाहीतर रिकामा करा. रिकामा करायचा म्हणजे माल वाया, अमोनिया हाताळण्याची जोखीम आणि वरून उत्पादनाचा तगादा. तो निर्णय रात्रपाळीच्या कुणीतरी घ्यायचा असतो. त्या एका निर्णयावर अस्तराचं आयुष्य ठरतं, आणि कधीकधी माणसांचंही.

बरं, मग भरपूर ऑक्सिजन सोडला तर? तेही चालत नाही. अमोनिया विभागातून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये थोडा हायड्रोजन असतो. प्रक्रियेच्या शेवटी अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतले की उरलेल्या वायूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र उरतात, आणि ते मिश्रण स्फोटक होऊ शकतं. म्हणून बऱ्याच प्रकल्पांत हायड्रोजन आधीच उत्प्रेरकावर जाळून काढतात. कमी ऑक्सिजन दिला तर स्टील जातं, जास्त दिला तर स्फोटाची भीती. १९९० च्या दशकात स्वीडनची सँडविक आणि स्टॅमिकार्बन यांनी मिळून 'सॅफ्युरेक्स' हे स्टील आणलं ते या पेचातून सुटण्यासाठी. त्याला फारच थोडा ऑक्सिजन पुरतो.

संशोधनाची तयारी करताना

नेट, सेट, पेट यांची तयारी करणाऱ्यांपैकी कित्येकजण विचारतात, "विषय कसा निवडायचा?" माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगते.

पहिली. एखादा नियम जिथे शिकलात तिथून दुसरीकडे नेताना त्याच्या अटीही बरोबर न्या. "ऑक्सिजन गंज आणतो" हा नियम खोटा नाही. तो साध्या लोखंडाचा आणि पाण्याचा आहे. मी अटी मागे ठेवून फक्त नियम उचलला.

दुसरी. चाचणी आणि खरी परिस्थिती यांतलं अंतर विचारा. युरियासाठीचं स्टेनलेस स्टील पारखायला आजही ह्युई चाचणी वापरतात. १९३० ची ही चाचणी आहे: ६५ टक्के नायट्रिक आम्ल उकळत ठेवायचं आणि त्यात स्टीलचा तुकडा ४८ तासांच्या पाच फेऱ्यांत ठेवून वजनातली घट मोजायची. पण युरिया प्रकल्पात नायट्रिक आम्ल नसतंच! ही चाचणी स्टीलच्या कणांच्या सीमेवरचा कच्चेपणा पकडते, आणि तो कच्चेपणा कार्बामेटमध्येही महागात पडतो, म्हणून ती चालते. जी चाचणी तुम्ही वापरणार आहात ती तुमच्या प्रश्नाच्या जागी का चालते, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. समितीत हमखास विचारतात.

तिसरी. देखभाल विभागातल्या माणसांशी बोला, संशोधन निबंध वाचण्याच्या आधी जमलं तर आधी. पाठ्यपुस्तकात युरियाची अभिक्रिया दोन ओळींत संपते. ती अभिक्रिया कशात करायची, ही पन्नास-ऐंशी वर्षांची कथा पुस्तकात नसते. ती जुन्या पेटंटांत, दुरुस्तीच्या नोंदवह्यांत आणि अशा निवृत्त माणसांच्या डोक्यात असते. ती माणसं गेली की तेवढं ज्ञान गेलं.

माझा सुधारलेला सिनॉप्सिस मंजूर झाला. आता माझा प्रश्न असा आहे: ऑक्सिजन थांबल्यावर स्टीलवरचा थर किती वेळ तग धरतो, आणि तो जाणार हे आधी कसं ओळखायचं? म्हणजे रात्रपाळीच्या त्या माणसाला निर्णय घेताना अंदाजापेक्षा काहीतरी जास्त हाताशी असावं. पहिल्यांदा मी प्रश्न स्टीलबद्दल विचारला होता. आता वेळेबद्दल विचारतेय. बदल एवढाच आहे, पण त्याला सहा महिने लागले.

दिवाळीत येडशीला गेले तेव्हा मामाला हे सगळं सांगितलं. त्याने नवा काटा घेतलाय, पाय रंगवलेला, खाली लाकडी फळी. मी विचारलं, "रंग कधी देतोस?" म्हणाला, "दर वर्षी, मृगाच्या आधी. एक वर्ष चुकलं की आबा म्हणायचे तेच होतंय."

पुढच्या लेखात ह्युई चाचणी घरच्या उदाहरणांनी समजावून घेऊ, आणि त्यातला कोणता आकडा प्रबंधात कसा मांडायचा तेही पाहू.